पांढरी चार

खामगावच्या सत्काराला निघण्याआधी अनुपमाबाईंनी नीळकंठरावांना विश्रामगृहाच्या व्हरांड्यात गाठलं आणि आवाज खाली घेऊन सांगितलं, "आज पांढरी चार धरा. कुणाला कळता कामा नये."

नीळकंठराव पेटी पुसत होते. चोपन्न वर्षं ते बाईंच्या साथीला होते, नाटकात, सिनेमात, रेडिओवर. बाईंची पट्टी, म्हणजे पेटीवरचा गाण्याचा मूळ सूर, काळी चार, पांढरी चारपेक्षा चांगली उंच. "काळी चारच्या खाली मी उभ्या जन्मात उतरले नाही," हे बाई प्रत्येक मुलाखतीत सांगत आणि लोक टाळ्या वाजवत. गेल्या दिवाळीपासून मात्र वरच्या सुरावर आवाज चिरकायला लागला होता.

"पट्टी बदला असं तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं," हातातला फडका न थांबवता ते म्हणाले. "तेव्हा वर न्यायला."

"जुनं उकरू नका."

"मी कशाला उकरू? कौशल्याबाई येणार आहेत, म्हणून आठवलं."

कौशल्या बाईंची थोरली बहीण.

तेव्हा अनुपमा सतरा वर्षांची होती. खामगावात नाटक कंपनीचा मुक्काम पडला होता आणि कंपनीची नायिका लग्न करून निघून गेली होती. मालकाला गाणारी मुलगी हवी होती. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. ते म्हणाले, दोघींपैकी एकीलाच पाठवीन. कोणती, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. कौशल्याचा आवाज भरदार, विहिरीतून घुमून यावा तसा. अनुपमाचा बारीक आणि टोकदार. दोघींनी मालकासमोर एकच पद म्हणायचं ठरलं, दिव्याचं. पेटीवर भजनी मंडळातला नीळकंठ, वीस वर्षांचा. तो अनुपमाकडे लाजेनं मान वर करून पाहत नसे, यात सगळं आलं. तिनं त्याला आदल्या दिवशी आडावर गाठून सांगितलं, "अक्काले काळी चार दे."

घरी पेटी नव्हती. कौशल्या तोंड उघडेल तिथून गायची. तिला पट्ट्यांची नावंही माहीत नव्हती. मिळाला तो सूर तिनं मुकाट उचलला आणि अंतऱ्यावर तिचा आवाज शेळीसारखा फाटला. मालक म्हणाले, "खाली बरी आहे, पण वर गळाच नाही." मग अनुपमा गायली.

पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दिव्याच्या त्या पदाला तीन-तीन वन्समोअर मिळाले, मग सिनेमे आले, राज्य पुरस्कार आला, पुण्यात बंगला झाला. नीळकंठ मागेमागे पुण्याला गेला आणि बिनलग्नाचा राहिला. कौशल्या लग्न होऊन देऊळघाटला पडली, भाजीपाल्याच्या मळ्यात. बाई दर दौऱ्यात तिला पास पाठवत आणि दर वेळी निरोप येई, कांदे काढून राह्यलो, जमत नाई. सारं जग वाहवा करायचं. ज्या एका कानाची बाईंना भीती होती, तो कान तेवढा गप्प होता. अक्कानं एकदा ऐकावं आणि बरं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. तिनं बरं म्हटलं की आडावरची ती गोष्ट फिटेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आज अक्का आली होती. मंगल कार्यालयात दुसऱ्या रांगेत, नात श्रद्धाच्या शेजारी, डोक्यावर पदर घेऊन. बाईंनी दिव्याचं पद म्हटलं. पांढरी चारमध्ये आवाज कुठे अडला नाही. अख्खी सभा उभी राहिली. अक्का बसून होती. ती बाईंकडे बघतही नव्हती, नीळकंठरावांच्या बोटांकडे बघत होती.

कार्यक्रमानंतर वधूच्या खोलीत बाईंना बसवलं होतं. श्रद्धानं आजीला आत आणून सोडलं आणि ती फोटोच्या गर्दीत गेली. नीळकंठराव कोपऱ्यात पेटी आवरत होते.

"वैशाखात शाल पांघरवतेत," अक्का खुर्चीत टेकत म्हणाली. "ह्या लोकायले काई समजते का?"

बाई हसल्या. मग राहवेना. "कसं झालं, अक्का?"

"बरं गायली."

बाईंचे डोळे भरून आले. चोपन्न वर्षं ज्याची वाट पाहिली, ते दोन शब्द आले होते.

"पन खाली गायली," अक्का म्हणाली. "हेच पद रेडिओवर आयकून आयकून पाठ हाय मले. तू कुठून उचलते ते कानात बसलं हाय. आज तिथून नाई उचललं."

"वय झालं गं. आवाज फाटू नये म्हणून पट्टी खाली घेतली."

"हाव, घ्याच लागते." अक्का थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली. "म्हंजे गळा तोच ऱ्हाते, अन् पेटीवरची जागा बदलली का मानूस फाटते. असं हाय तर." ती कोपऱ्याकडे वळली. "नीळकंठभाऊ, आज कोन्ती धरली होती?"

"पांढरी चार."

"अन् तवा मले कोन्ती देली होती?"

नीळकंठरावांनी बाईंकडे पाहिलं. एक शब्द खोटा बोलले असते तरी भागलं असतं, अक्काला काय कळणार होतं? पण त्यांच्या त्या पाहण्यातच सगळं सांगून झालं होतं.

"काळी चार," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं त्यांना."

अक्का ओरडली नाही. बाईंना वाटलं, शिव्या देईल, शाल ओढून फेकेल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन लेकरं झाली मले," अक्का म्हणाली. "पाळना हालवताना एक डाव तोंड उघडलं नाई. सासू आपल्या पोराले म्हने, मुकी करून आनली का बे? मी म्हनो, माह्या गळ्यातच खोट हाय, लेकरायच्या कानावर काऊन घालू?"

"अक्का—"

"तू ऱ्हाय चूप. नीळकंठभाऊ, माही पट्टी कोन्ती होती?"

"आजचीच. पांढरी चार."

"वाजवा."

त्यांनी आवरलेली पेटी पुन्हा उघडली. भाता हलला आणि सूर आला. अक्का ताठ बसली, डोळे मिटले, तोंड थोडं उघडलं. दारातून आयोजकांपैकी मोतीराम डोकावला, "बाईसाहेब, आमदारसाहेबांसोबत एक फोटो..." आणि आतलं बघून तिथेच थांबला.

अक्कानं तोंड मिटलं. भात्यातला वारा संपेपर्यंत ती सूर ऐकत राहिली.

"इथं होती मी," ती म्हणाली, आणि उठून श्रद्धाला हाका मारत बाहेर गेली. बाईंकडे तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"बाईसाहेब, फोटो," मोतीराम म्हणाला.