कवटी खरवडलेला ड्रम

मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. माझ्या बुडाला भोक आहे आणि ते मी मिरवतो. मित्रांनो, ते कसे पडले ते ऐका.

कारखान्यात माझ्या कडेवर धोक्याच्या मालाच्या ड्रमांवर असतात ते आकडे ठोकले, पोटात किडी मारायचे जहर भरले आणि बाहेर कवटीचे लेबल लावले. मग मी जहाजावर चढलो. तिथे मला मान होता. धान्यापासून आणि खलाशांच्या खोल्यांपासून लांब, साखळीने आवळून ठेवले होते मला. आणखी पलीकडे किरणोत्सर्गाची तीन पात्यांची पिवळी खूण असलेली एक जड पेटी होती. किरण मोजायचे यंत्र हातात असल्याशिवाय तिच्याजवळ कोणी जात नसे. एकदा वादळात माझा शेजारी फुटला. कागद बघून जहर कोणते ते कळले, माणसे मुखवटे घालून खाली उतरली आणि सगळी धडधाकट वर गेली.

बंदरात रिकामा झाल्यावर मला मोडून टाकायला हवे होते. कोणीतरी गुपचूप भंगारात दिले. भंगारवाल्याने रॉकेलने माझी कवटी खरवडली, निळा रंग फासला आणि मी मलकापूरजवळ लालासाहेबांच्या दारात आलो.

त्यांच्या नातीचे, राजनंदिनीचे लग्न होते. राखेने आणि चिंचेने तीनदा घासून हळदकुंकू लावले की भांडे शुद्ध, अशी तिथली समजूत. मला तसेच घासले, पाणी भरले, वर वासासाठी वाळ्याची मुळी टाकली. पंगत बसायची होती. मला ओरडता येत नव्हते.

पाणी वाढायला केरू आला होता. तीस वर्षे बोटीवर खलाशी. दोन महिन्यांमागे त्याची बायको मुक्ताबाई गेली, तेव्हापासून तो फारसा बोलत नसे. तांब्या बुडवताना त्याचा हात माझ्या कडेवरून फिरला. आकड्यांवर थांबला.

"लालासाब, ह्यातलं पानी कुनाला द्यायचं न्हाई," तो म्हणाला. "बोटीवर असल्या जहराच्या ड्रमाजवळ बसून चा प्यायला बी बंदी हुती."

"बोटीवरचं बोटीवर ठेव रं. तीनदा घासलाय."

मांडवात कोणीतरी हसले. बायको गेल्यापासून ह्याला जिथंतिथं मरणच दिसतंय, म्हणाले.

केरूने तांब्या खाली ठेवला.

"व्हय, दिसतंय. मुक्ताच्या येळेला माझ्या हातात काय बी नव्हतं. आज हाय."

त्याने खांदा लावला आणि मला आडवे केले. सगळे पाणी मांडवाबाहेर वाहून गेले. लालासाहेब काठी उगारून आले. तो हलला नाही. मांडवासाठी खड्डे घेतलेली पहार उचलली आणि माझ्या बुडात घातली.

"आता कुनीबी भरा," तो म्हणाला.

राजनंदिनी मुंडावळ्या सावरत पुढे आली. "आजोबा, टँकर बोलवा. पंगत थांबंल तासभर."

लालासाहेबांनी काठी खाली घेतली. पंगत दीड तास थांबली. चारशे माणसे जेवून, पाणी पिऊन आपापल्या घरी गेली.

मित्रांनो, पोटात जहर होते याची मला लाज नाही. मी ते सात समुद्रांवरून एक थेंब न सांडता आणले. लाज ज्याने कवटी खरवडली त्याला वाटू दे. तुमच्या दारात माझा एखादा भाऊ पाणी भरून उभा असेल, तर आधी त्याची कड चाचपा. आकडे लागले आणि आत काय होते ते कोणाला सांगता आले नाही, तर मोठ्यांशी भांडा. हसले तर हसू द्या. पाणी ओतायला लावा आणि बुडात पहार घालायला सांगा. आम्हाला दुखत नाही.