एरोनीचा पास

कामिनिएली मंत्री झाला आणि गावात यायचं ठरलं, तेव्हापासून एरोनीच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. आतेभाऊच तो. रग्बीनं नाव दिलं, लष्करानं हुद्दा दिला आणि आता लोकांनी खुर्ची दिली. एकाच माणसाला किती द्यावं, याला काही धरबंध? एरोनी इथंच राहिला, अळकुड्या खणत.

आणि हे सगळं कशावर, तर बत्तीस वर्षांपूर्वी राजधानी सुवामधल्या अंतिम सामन्यात रेषेपार चेंडू टेकवून केलेल्या एका ट्रायवर. तो पाहूनच लष्करानं कामिनिएलीला आपल्या संघात उचललं. चेंडू दिला कोणी? एरोनीनं. पण कामिनिएली प्रत्येक भाषणात सांगायचा, "चेंडू हातात आला आणि मी धावलो." आला म्हणे. आभाळातून पडला जणू.

"आज काही बोलू नका," बायको, वासिती, म्हणाली. "मंत्री आहेत ते."

"माझा आतेभाऊ आहे. आज गावासमोर माझं नाव घ्यायला लावतो की नाही बघ."

आते-मामेभावांनी चारचौघांत एकमेकांची हवी तशी खेचायची, कुणी राग धरायचा नाही आणि ऐकणाऱ्यांनी त्यातलं काही खरं मानायचं नाही, ही इथली रीतच.

दुपारी सभागृहात चटयांवर सगळे गोल बसले. लाकडी परातीत यंगोना, मुळांच्या भुकटीचं पेय, कालवलं. पहिली करवंटी गावप्रमुखांना, दुसरी कामिनिएलीला. त्यानं रिवाजाप्रमाणे आधी एक टाळी वाजवली आणि एका दमात प्यायला.

"काय रे साहेब," एरोनी म्हणाला, "चेंडू आला कुठून होता तुझ्या हातात? बत्तीस वर्षं माझं नाव घ्यायला जीभ जड होते का तुझी?"

लोक खिदळले. कामिनिएलीनं करवंटी परत दिली.

"घेतो की. चेंडू एरोनीनं दिला. पण रग्बीत चेंडू मागे द्यायचा असतो, आणि या पठ्ठ्यानं चांगला हातभर पुढे फेकला. रेफरीला दिसलं नाही, मला दिसलं. नाव घेतलं असतं तर कुणीतरी तो पास उकरून काढला असता. माझा ट्राय गेला असता आणि याची अब्रू. म्हणून गप्प बसलो."

सभागृह हसून लोळायला लागलं. मंत्र्यांनी काय खेचली, म्हणत गावप्रमुखांनी डोळे पुसले.

त्या दिवशी चेंडू हातातून सुटताक्षणीच एरोनीला ते कळलं होतं, आणि तो शिट्टीची वाट बघत उभा राहिला होता. हे त्यानं वासितीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

करवंटी त्याच्यापर्यंत आली. समोर कामिनिएली बसला होता. तो हसत नव्हता, आणि तेच एरोनीला जास्त लागलं. बत्तीस वर्षं जपलेला राग, तोही या मेल्यानं वरच्यावर पळवला. आणि वर उपकार करून.

त्यानं एक टाळी वाजवली, कडू यंगोना घशाखाली घातलं, रिवाजाच्या तीन टाळ्या वाजवल्या.

"पुढेच गेला होता," तो मोठ्यानं म्हणाला.

लोक आणखीच हसले.