बाळसं

जगतपुऱ्याच्या प्रशिक्षणासाठी मी एक बाहुली शिवून तिच्यात वाळू भरली होती. मी आहारतज्ज्ञ, नवरा फौजेत, म्हणून साताऱ्याहून जयपूरला आलेली. कुपोषित मूल आपण एकमेकांकडे कसं ढकलतो, हे मला डॉक्टर, नर्स आणि अंगणवाडीताईंना त्यांच्याच हातांनी दाखवायचं होतं.

बाहुली हातात घ्यायची, आपण काय करणार ते सांगायचं आणि ती पुढे द्यायची. "वजन लेकर रेफर कर दूँगी," अंगणवाडीच्या सुगनाताई म्हणाल्या. "बुखार नहीं है. डॉक्टर साहब को रेफर," नर्स म्हणाली. डॉक्टर संकल्प यांनी तर बाहुलीकडे धड पाहिलंही नाही. "सावनीजी, डाएट का केस है, आपको रेफर." मला असा संताप आला! बाहुली माझ्याकडे परत आली ती हलकी होऊन. शिवण उसवली होती आणि प्रत्येकाच्या पायाशी थोडी थोडी वाळू सांडली होती.

मी बोट दाखवलं तेव्हा कुठे सगळ्यांनी खाली पाहिलं. मग मी सुजेबद्दल सांगायला घेतलं. मुलाच्या पायांवर सूज असेल तर वाढलेल्या वजनाला भुलू नका, ते पाण्याचं असतं. सुगनाताईंचा चेहरा एकदम उतरला.

"मॅडम, मेरी गुड्डी तो अभी भर गई है. गाल, पाँव, सब. मैंने उसकी माँ को बधाई दी."

गुड्डी त्यांच्या अंगणवाडीतली, दीड वर्षांची. 'भर गई' म्हणजे आमच्याकडे बाळसं धरलं. सुगनाताईंनी तिथूनच तिच्या आईला फोन लावला, स्पीकरवर.

"एकदम अच्छी है दीदी," आई हसून म्हणाली. "अब तो रोती ही नहीं."

डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही चौघं वस्तीवर गेलो. गुड्डी भिंतीला टेकून बसली होती. ओठांवर माशी बसली तरी तिनं हात हलवला नाही. डॉक्टरांनी तिच्या पावलावर अंगठा दाबून काढून घेतला. खड्डा तसाच राहिला, म्हणजे सूज पाण्याचीच होती.

"रेफ…" नर्स बोलता बोलता थांबली. मग तिनंच गुड्डीला उचललं. वॉर्डात दाखल होईपर्यंत आमच्यापैकी एकही जण घरी गेला नाही.

गुड्डी वाचली. पुढे एकदा तिनं वॉर्डात भोकाड पसरलं, तेव्हा सुगनाताई माझ्या गळ्यात पडून रडल्या. मला आनंद झाला, खूप झाला. पण माझ्या कानात बसली आहे ती गुड्डीच्या घरातली शांतता.

परवा सासूबाई आल्या. माझी शर्वरी पाळण्यात गाढ झोपली होती. "छान बाळसं धरलंय हो पोरीनं," त्या कौतुकानं म्हणाल्या.

मी शर्वरीचं पाऊल हातात घेतलं आणि त्यावर अंगठा दाबला.