खिडकीला लागलेलं भूत

मधुकररावांच्या अंगणात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. किराण्याचं दुकान बंद, शेजारच्या गच्चीवर बाया, आणि मधोमध पाटावर नीलप्रभू महाराज. समोर उन्हात एक पिवळं कापड आणि कापडावर मधुकररावांच्या लेकीचा, प्रेरणाचा हात. महाराजांचा मंत्र संपता संपत नव्हता. पोरीला घाम फुटला होता, पण हात उचलायची सोय नव्हती.

अखेर मंत्र संपला. महाराजांनी कापड तीर्थाच्या बादलीत बुचकळलं, खळखळ हलवलं आणि वर धरलं. पिवळं कापड निळंशार झालं होतं आणि त्यात पाच बोटांचा पांढराफटक हात उमटला होता.

"पाहा बाप्पा, पाहा! हा पोरीचा हात नाई, मेलेल्याचा हात हाय! पोरीच्या आंगात लपून बसलाय थो!"

त्याआधी आईचा, कोकिळाबाईंचा हात तसाच ठेवून झाला होता. ते कापड पिवळंच राहिलं. म्हणजे आई शुद्ध, लेक झपाटलेली. जयजयकारानं गल्ली दणाणली.

मी गर्दीत उभी होते. मी वडनेरच्या शाळेत विज्ञान शिकवते. हा 'मेलेल्याचा हात' मला चांगला ओळखीचा होता, कारण हिवाळ्यात प्रेरणाच्या वर्गाला, आठवीला, मी सायनोटाइप, म्हणजे उन्हानं निळे ठसे छापणं, शिकवलं होतं. कॅमेरा नाही, काही नाही. औषध लावलेल्या कागदावर वस्तू ठेवायची, उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं. मुलांनी कपाशीची पानं छापली, बांगड्या छापल्या, एका बहाद्दरानं आजोबांची कवळी छापली. सगळ्यांत देखणे ठसे प्रेरणाचे होते.

मग ती शाळेत दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मळमळायला लागलं, म्हणून गोळ्या बंद झाल्या आणि महाराज सुरू झाले.

मला राहवलं नाही. "महाराज, असे निळे ठसे आम्ही शाळेत काढतो!"

महाराज गडबडले नाहीत, उलट खूश झाले. "ऐकलं? मॅडम सोताच कबूल झाल्या! शाळेत पोट्ट्यायनं सूर्याले कागदात कोंडलं, त्याच वाटेनं हे भूत घरात आलं!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आपणहून मी फासात मान दिली होती. मधुकरराव हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमी आता घरी जा. आमचं लेकरू आमी पाहून घेऊ."

निकाल लागला. संध्याकाळी जीप येणार, प्रेरणाला मठात नेणार, बरी होईपर्यंत तिथंच ठेवणार. शाळेचं नाव काढायचं नाही. तोवर ती मागच्या खोलीत, बाहेरून कडी. महाराजांनी काळ्या फडक्यात गुंडाळलेलं आणखी एक कापड तिच्या हाती दिलं. "हे बंधन. उजेडात उघडजो नको. उघडलं तं निळं पडंल, अन् मले समजंल."

वा रे बंधन! आमचे कागदही आम्ही काळ्या पिशवीत ठेवतो, ते काही भुताच्या भीतीनं नव्हे.

मी मागच्या गल्लीत गेले. दुपार कलली होती, ऊन थेट खिडकीवर येत होतं. गजांआड प्रेरणाचा चेहरा दिसला. रडून डोळे सुजले होते.

"मॅडम, भूत नाई, शाळेतलं औषध हाय म्हणलं तं म्हणतेत भूत बोलून राह्यलं. गप बसलं तं म्हणतेत भूत दबून बसलं. मी काय करू जी?"

मी बोलले तर मी भूत घालणारी, ती बोलली तर ती भूत. त्या खोलीला कडी बाहेरून एकच होती, पण आम्ही दोघी कोंडलेल्या होतो.

"ते बंधन दाखव," मी म्हटलं.

तिनं गुंडाळी पोटाशी धरली. "उघडलं तं बाबा मारतीन." मग खिडकीकडे बघत राहिली. बघता बघता तिचे डोळे बदलले. ठसा जमणार असला की वर्गात ते असेच व्हायचे.

"हात नाई ठेवत मी. हात ठेवला तं पुन्हा मेलेल्याचा म्हणतीन."

तिनं फडकं सोडलं आणि कापड आतून गजांवर घट्ट दाबून धरलं. मी बघतच उभी होते.

"मॅडम, बाजूले व्हा ना. तुमची सावली पडून राह्यली."

मी निमूट बाजूला झाले. हिरवट पिवळं कापड हळूहळू राखाडी झालं. तिनं कापड जराही हलू दिलं नाही. मग माठातलं पाणी घेऊन तिनं ते धुतलं.

जीप आली तशी मी पुन्हा अंगणातल्या गर्दीत आले. कोकिळाबाईंनी कडी काढली. प्रेरणा ओलं निळं कापड घेऊन अंगणात आली.

"उघडलं!" महाराज कडाडले. "भुतानं बंधन तोडलं! मांगं सरका!"

गर्दी मागे सरली. मधुकररावांचा हात उगारला गेला. पण कोकिळाबाई मात्र कापडापाशी वाकल्या. निळ्या कापडावर पांढरे उभे पट्टे होते आणि त्यातला एक मधे वाकलेला.

"अवो, हा तं आपल्या खिडकीचा वाकडा गज हाय!" त्या म्हणाल्या. मग हळूच महाराजांकडे वळल्या. "काऊन जी महाराज, खिडकीले बी भूत लागलं काय?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. महाराज म्हणाले, "ही भुताची माया हाय."

"मंग माह्या चपलेले बी लागते काय ते पाहू!" म्हणत गर्दीतल्या चिंधू म्हाताऱ्यानं महाराजांच्या झोळीतली काळी गुंडाळी ओढली आणि कलत्या उन्हात कापडावर आपली फाटकी चप्पल ठेवली. मंत्राशिवाय. चपलेचा ठसा पाण्यातून वर आला तेव्हा अंगण खदखदलं. महाराज तोवर जीपमध्ये बसले होते.

खरं ते एवढंच. लोहाचे दोन क्षार पाण्यात कालवून कापडाला फासायचे, अंधारात वाळवायचं. ऊन लागेल तिथं निळा रंग पक्का होतो. झाकलेल्या भागातलं औषध पाण्यात निघून जातं आणि पांढरा ठसा उरतो. मंत्र लांबवायचा तो ऊन लागायला वेळ मिळावा म्हणून. आईला दिलेलं कापड नुसत्या हळदीचं होतं. महाराजांच्या कापडात लोह होतं, ते पोरीच्या रक्तात हवं होतं.

चमत्कार दिसला की एवढं करा: बुवा सांगेल ती वस्तू सोडून आपल्या मर्जीची वस्तू ठेवून बघा. खिडकी ठेवा, चप्पल ठेवा. आणि बुवा नको म्हणाला तर का नको ते विचारा.

मधुकररावांनी त्याच संध्याकाळी पेचकस आणून मागच्या खोलीची बाहेरची कडी काढून टाकली. काढता काढता म्हणाले, "मॅडम, गजानं सांगतलं तवा पटलं आमाले."

प्रेरणा दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी तं सकाळपासून सांगून राह्यली होती."