बंदरातून निघालेली गाडी

"पोरी, प्रसेनजीतला तिकडं पाठवू नगंस. लढाईत पयला गोळा बंदरावर पडतोय," असं गणपतीमामांनी मला बजावलं होतं. माझे चुलत सासरे. लष्करात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस.

मी हसले होते. "मामा, जहाज गव्हाचं आहे. तोफांचं नाही."

"अगं, गहूच तर मारायचा असतोय! ओडेसा बंदर बंद पाडलं की देशाच्या नरड्यावर पाय दिल्यागत हाय."

मी राज्यशास्त्रात एम.ए. धान्याच्या जहाजांना कोण हात लावतंय, असं मलाच वाटलं.

प्रसेनजीत, माझा नवरा, जहाजावर चढला, आणि जहाज त्याच बंदरात अडकलं. रोज कुठल्या ना कुठल्या धक्क्यावर काहीतरी पडायचं. आमची लेक क्रांती तापानं फणफणली तेव्हा मी मेसेज टाकला, "घरी येतोस का नाही ते सांग." लगेच उत्तर आलं, "येतो."

सासूबाईंनी, म्हणजे शेवंताबाईंनी, बावड्यातली आमची आख्खी गल्ली गोळा केली. "येतो म्हणलाय माझा वाघ!"

दुपारी जहाजाच्या एजंटचा फोन आला. मी क्रांतीचं अंग पुसत होते, म्हणून सासूबाईंनी घेतला. अडकलेल्यांना सीमेपलीकडं नेणारी गाडी निघतेय, एक जागा आहे, प्रसेनजीतचा फोन लागत नाही, त्याचं नाव धरू का, असं तो विचारत होता.

"न्हाय न्हाय, त्यो निघालाय की! दुसऱ्या कुणाला तरी द्या जागा."

तो निघाला नव्हता. कामावर चालला होता. घरातनं बाहेर पडताना 'जातो' कोण म्हणतं आपल्याकडं? माझा प्रश्न त्यानं धड वाचला तरी होता का, कोण जाणे.

प्रसेनजीत गेल्याचा कंपनीचा फोन येण्याआधी गल्लीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. धक्का पेटलेला, क्रेन आडवी. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "काय उडवलंय राव! नादखुळा!" मग प्रसेनजीत तिथंच होता, हे कुणीतरी त्याला सांगितलं असावं. मेसेज खोडला गेला.

परवा मुजम्मिल आला. चंदगडचा, त्याच जहाजावरचा. क्रांतीसाठी प्रसेनजीतनं घेतलेला लाल फ्रॉक घेऊन.

"काकी," मुजम्मिल सासूबाईंना म्हणाला, "प्रसेनजीत आल्ता गाडीपाशी. गाडीवाला म्हणला, तुझ्या घरच्यांनीच नगं म्हणून सांगितलंय. तो हसला. म्हणला, आईनं काहीतरी घोळ घातला असणार. बस तू, मी मागनं येतो."

सासूबाईंचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं, आता रडतील.

"आनि तू बसलास?" त्या म्हणाल्या. "लेकरू असलेल्या माणसाच्या जागेवर टेकताना बूड भाजलं न्हाय तुझं?"

मुजम्मिलनं चहाचा कप खाली ठेवला. त्याचं चुकलं नाही, हे मला माहीत होतं. सासूबाईंनाही माहीत होतं. मी मांडीवरच्या फ्रॉकची घडी सारखी करत राहिले. मुजम्मिल उठला, आणि पायात चप्पल न घालताच एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागला. मी हाका मारल्या. वळला नाही.

तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे. पुन्हा तापलेलं पोर घेऊन मला निघता येत नाही, आणि सासूबाईंना एकटं ठेवायची मला भीती वाटते.

तुम्ही चंदगडकडचे असाल, तर तिथल्या स्टँडामागं मीरासाब शिंप्याचं घर विचारा. मुजम्मिल त्यांचा मुलगा. तो घरी पोचलाय का, तेवढं आत जाऊन बघा. दारातूनच "हाय, हाय, घरातच हाय" म्हणाले, तरी आत जा.