दोघींमधला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेला बांधायचा नव्हे. पायाने चालवायच्या शिवणयंत्राचा. खालच्या मोठ्या चाकाची ओढ वरच्या लहान चाकाला पोचवायची, एवढेच माझे काम. पण मित्रांनो, माझ्याशिवाय एक टाकाही पडत नसे.

एका कारागिराने मला चांगल्या कातड्यातून लांब कापून काढले, ओढून ओढून गोल केले आणि भरपूर तेल पाजले. दुकानातून मला नेले ते वहिनींनी. त्यांना गल्लीत लहानथोर सगळे वहिनीच म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली त्यांचे यंत्र होते. पडदे, गणवेश, कोट, सगळे त्या शिवत. वहिनींचा पाय फार शहाणा. काम घाईचे असो की मन रागात असो, तो एकाच लयीत पडायचा. कापड कितीही जाड आले तरी मला हिसका बसत नसे. गिऱ्हाइके टाक्यांची तारीफ करत, आणि त्यातला थोडा वाटा मी मनातल्या मनात घेत असे.

पुढे यंत्राला मोटार बसली. तिला रबराचा तरणाताठा पट्टा लागला आणि माझी रवानगी खणात झाली, तुटक्या सुया आणि बिनजोडीच्या बटणांच्या संगतीला. तेल नाही, कुणाचा हात नाही. अंग ताठले, मधोमध एक भेग पडली.

इकडे वहिनींच्या पायांना काम उरले नाही. मग ते धावायला लागले. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग तळ्याभोवती आणि एके वर्षी थेट मॅरेथॉनला. पण काय सांगू! यंत्रावर इतका शहाणा असलेला पाय रस्त्यावर आला की चेकाळायचा. कोणी पुढे गेले की वहिनींना राहवत नसे. सुरुवातीलाच जीव तोडून पळायच्या आणि निम्मी वाट झाली की पोटऱ्यांत गोळे. त्या वर्षी त्या थकलेल्यांना गोळा करणाऱ्या गाडीत बसून परत आल्या.

वहिनींचे यजमान मनाने वाईट नव्हते, पण त्यांची जीभ आवरत नसे. "यंदा गाडीत खिडकीची जागा धरून ठेवू का?" पुढच्या वर्षी एकदा जेवताना त्यांनी विचारले. वहिनी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नणंद घरी आली तेव्हा म्हणाल्या, "वन्सं, यंदा माझ्या पायांनी पोचले नाही, तर हे बूट भंगारात. पुन्हा पळायचं नाव काढणार नाही."

नणंद टपाल वाटायची. दिवसभर जिने चढून उतरून संध्याकाळी सकाळच्याच चालीने घरी यायची. पळायचीही तशीच.

"लांबचं पळणं हळूच करायचं असतं, वहिनी. गप्पा मारत पळता आलं पाहिजे. बोलणं तुटलं, की समज वेग चुकला."

"कळतं हो मला. पाय ऐकत नाहीत ना!"

"मग बांधूनच नेते तुला," नणंद म्हणाली आणि तिने खण उपसला. तिच्या हाती मी लागलो.

"हा? अहो, हा कधी तुटेल सांगता येत नाही. चांगली नायलॉनची दोरी देते."

"दोरी नको. दोरीनं तू मला फरफटत नेशील. हाच बरा, एका हिसक्यात तुटेल. आणि ऐक, तुझ्या ओढीनं हा तुटला, तर त्या दिवसापासून तू एकटी पळ."

मित्रांनो, माझा दुबळेपणा बघून मला कुणी निवडण्याची ही पहिलीच वेळ होती. वहिनींनी मला तेल चोळले, दोन्ही टोकांना मऊ कापडाच्या कड्या शिवल्या. एक कडी वहिनींच्या मनगटात, दुसरी नणंदेच्या.

पहिल्याच रविवारी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आम्हाला मागे टाकून गेले. लगेच हिसका! माझी भेग करकरली.

"वन्सं, ते आजोबा पुढे गेले!"

"जाऊ दे. त्यांच्या घरी दूध उतू जात असेल."

"आणि या पोरी?"

"त्यांच्याही घरी."

"सगळ्या गावाचं दूध आजच उतू जातंय का?"

"बघ, अख्खं वाक्य बोललीस. वेग बरोबर आहे. पुढचं सांग."

मग वहिनी गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगू लागल्या. एक कोटवाला कोट सैल करून घ्यायला पुन्हा पुन्हा येतो आणि म्हणतो, कापड आटलं. "बरोबर पोटापाशीच कसं आटतं हो?" रविवारमागून रविवार अंतर वाढत गेले आणि मला बसणारे हिसके कमी होत गेले.

शर्यतीआधीचे सर्वांत लांब पळणे तीस किलोमीटरचे होते. पूल झाला, चढ आला. एक घोळका आरडाओरडा करत जवळून गेला. वहिनींचा हात पुढे झेपावला, मी ताणलो. संपले, असे मला वाटले. पण तो हात आपला आपणच मागे आला. "जाऊ दे बापड्यांना," वहिनी पुटपुटल्या. माझ्या जिवात जीव आला.

कारखान्याची लांबलचक भिंत लागली. कुणी ओढले नाही, हिसका बसला नाही, पण माझे वय झाले होते. भेगेतून मी अलगद दोन झालो. नणंदेने पाहिले. तिने आपला तुकडा मुठीत घेतला आणि चकार शब्द काढला नाही. वहिनी कोटवाल्याचे पुराण सांगत राहिल्या. मधे बांधलेले काही उरले नव्हते, तरी चारही पावले जोडीने पडत होती. गोळे यायची जागा आली आणि गेली.

घराच्या फाटकाशी वहिनींनी कडी सोडायला हात उचलला, तर खाली अर्धाच पट्टा लोंबत होता. त्यांचा चेहरा उतरला.

"तुटला? माझ्यामुळे? कधी?"

"भिंतीपाशी. आपल्या वयानं तुटला, तुझ्या ओढीनं नाही."

"भिंतीपाशी! आणि तुम्ही गप्प? इतका वेळ मी मोकळीच पळत होते? सांगायला तोंड नव्हतं का? मी आपली हात जपून धरतेय, आणि तुम्ही खुशाल..."

"वहिनी," नणंद म्हणाली, "तीस किलोमीटर पळून आलीस आणि उभ्यानं भांडतेस. दम लागलाय कुठे?"

वहिनी थबकल्या. त्यांनी स्वतःचा श्वास ऐकला. मग फाटकाला टेकून त्या इतक्या हसल्या की यजमान बाहेर आले.

मॅरेथॉनला मला कुणी नेले नाही. वहिनी गेल्या, स्वतःच्या पायांनी पोचल्या, आणि दोन दिवस खुर्चीतून उठताना "आई गं" म्हणत राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या खणात कुणी ताठून पडले असेल. त्याला टाकण्याआधी थोडे तेल लावा, हातात घेऊन बघा. आणि ते काम करता करता तुटले, तर हळहळू नका. मी तुटलो तेव्हा वहिनींचे एक पाऊलही चुकले नाही. इतकी तारीफ माझी आजवर कुणी केलेली नाही.