टिकलीच्या डोक्यातला काळा डाग

मित्रांनो, मी एक लोहचुंबक आहे. वयानं जुना, अंगानं बैलगाडीएवढा. काटेवाडीहून भवानीनगरकडे जाताना उसाच्या फडामागे जनावरांचा दवाखाना लागतो. तिथल्या गार खोलीत माझं बिऱ्हाड आहे. माझ्या पोटातून एक बोगदा जातो. त्यात निजवलेल्या जिवंत जनावराच्या मेंदूचं चित्र मी काढतो. सुरी लागत नाही, रक्त सांडत नाही.

मेंदूत पाणी असतं. मी ठकठक करत त्या पाण्याला हाक मारतो आणि ते मला ओ देतं. प्रत्येक जागेची ओ निराळी. त्यातून पडद्यावर चित्र उमटतं. तरुणपणी मी एका मोठ्या प्रयोगशाळेत होतो. तिथं उंदराच्या इवल्या मेंदूत केसासारख्या बारीक वाटा पाहिल्या. लोक मला वाखाणत. मग नवं यंत्र आलं आणि मी दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिलो. तेव्हा मला त्या उंदरांची झोप आठवत असे.

इथं आल्यावर पुन्हा हाका मारू लागलो.

मागच्या माघात अंथुर्ण्याच्या छबूबाई त्यांची मेंढी टिकली हिला घेऊन आल्या. टिकली कळपाची वाटाडी. तिच्या घंटीमागे ऐंशी मेंढरं चालायची. पण आता ती डावीकडेच वळायची आणि अंगणात गोल गोल फिरत राहायची. तिची सावलीही तिच्यासोबत फिरायची.

डॉक्टर विनयाताईंनी विचारलं, “आजी, हिच्या अंगावर लोखंड नाही ना?”

“घंटी काढली की. आता काय लोकर बी उतरवू?”

“उतरवा, मला घोंगडी होईल,” यंत्र चालवणारे कुशल म्हणाले.

टिकलीला भूल दिली. ती माझ्या पोटात आली आणि मी हाक मारली. तिच्या मेंदूच्या वळ्या नांगरलेल्या रानासारख्या दिसू लागल्या. मी त्या रानात हरवून गेलो. आणि एकाएकी डावीकडे काळोख झाला. अर्धं रान काळ्या डागानं गिळलं होतं.

विनयाताई बाहेर गेल्या. “आजी, डावी बाजू उरलीच नाही असं दिसतंय. हिला जागं करून हाल करण्यापेक्षा झोपेतच जाऊ द्यावं.”

मित्रांनो, मला खरं ठाऊक होतं. टिकलीच्या डाव्या कानामागचं काहीतरी लोखंडी मी ओढत होतो आणि त्यानंच चित्र काळं पडलं होतं. पण ठकठकीशिवाय मला बोली नाही.

छबूबाईंनी विनयाताईंचा हात धरला. मग म्हणाल्या, “बाई, रागवू नगा. कानामागं लोकरीत लोखंडाचा मणी शिवलाय. जत्रंत समदी हिच्याकडंच बघत हुती. दृष्ट लागंल म्हणून शिवला. काढला तर हिचं आनखी वाईट हुईल, असं वाटलं.”

“आजी, तुमच्या मण्यानं आमचा चुंबक येडा केला की हो!” म्हणत कुशल कात्री घेऊन धावले.

मी पुन्हा हाक मारली. या वेळी सगळ्या रानानं ओ दिली. डावीकडे लिंबाएवढी पाण्याची पिशवी होती. आत खसखशीसारखे पांढरे ठिपके. शेजारचा मेंदू दबलेला, पण शाबूत.

“पिशवी काढता येईल,” विनयाताई म्हणाल्या. “राखणीच्या कुत्र्याला मेंढराची कच्ची मुंडी टाकता का?”

“जत्रंला टाकतो की. त्याचा मान असतो.”

“मुंडीत अशी पिशवी असली तर तिच्यातून त्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी त्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, ते गवत मेंढी खाते आणि तिच्या डोक्यात अशी पिशवी धरते.”

“म्हंजी दृष्ट लोकांची न्हवं,” छबूबाई हळूच म्हणाल्या, “माझ्याच हातची.”

पिशवी काढल्यावर अकराव्या दिवशी टिकलीच्या गळ्यात घंटी बांधली. माझ्या खोलीत घंटीला मज्जाव आहे, पण आवाज भिंतीतून आला. आधी तो जागीच घुटमळला. मग फाटकाकडे निघाला, आणि सरळ लांब लांब होत गेला.

जाण्यापूर्वी छबूबाईंनी तो मणी दवाखान्याच्या बाहेरच्या दाराला बांधला. “ह्या गारठ्यातल्या बाबाला बी कुनाची नजर नगं,” म्हणाल्या.

मित्रांनो, कुत्र्याला कच्ची मुंडी टाकू नका, त्याला जंताचं औषध द्या. आणि माझ्याकडे येताना अंगावरचं, मनातलं सगळं सांगून या. एवढंच माझं मागणं आहे.

तो मणी अजून दाराला आहे. माझी ओढ तिथवर पोचत नाही. तरी कुणी दार उघडलं की मला तो हलल्यासारखा वाटतो.